माझ्या गुडघ्याचा काता

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये माझ्या कराटेच्या वर्गातली मुलं काता करत होती. काता म्हणजे कराटेतल्या वार आणि बचावाच्या हालचालींची ठरलेली मालिका. नेहमीसारखी पुढे उभी न राहता मी मागच्या बाकावर बसले होते, म्हणून मला ते दिसलं. वळताना प्रत्येक मूल डावा पाय किंचित ओढत होतं.

तसा पाय मी ओढते. स्कूटरवरून पडल्यापासून माझा गुडघा नीट वाकत नाही.

कराटेचा जन्म झाला त्या जपानच्या ओकिनावा बेटावर हे काते पिढ्यान् पिढ्या गुरूच्या अंगाकडे बघूनच शिकले गेले. कुणी गुरू बुटका, कुणी म्हातारपणी वाकलेला. पुढे कुणी शाळेतल्या मुलांसाठी धोक्याचे वार सौम्य केले. शिष्यांनी सगळंच जपलं. हे मी पालकांना कौतुकाने सांगत आले. माझं दुखणंही कुणी असंच जपेल, हे मात्र मनात आलं नव्हतं.

मग केतकी आठवली. नवी आली तेव्हा ती अगदी स्वच्छ वळायची. मीच तिला सगळ्यांसमोर थांबवून म्हटलं होतं, "माझ्याकडे बघ आणि तसंच कर."

तास संपल्यावर तिला बोलावलं. "केतकी, तुझं वळणं बरोबर होतं गं. चुकले मी. पूर्वीसारखं करून दाखव बरं."

ती गोंधळली, उभी राहिली आणि वळली. पाय ओढलाच गेला. तिने पुन्हा करून पाहिलं.

"आता असंच येतं, मॅडम," माफी मागावी तशा आवाजात ती म्हणाली.