चुकून

तळघरातल्या वर्कशॉपमध्ये एक फिटरबाई होती. हातात सदा कानस आणि जिभेलाही तसेच दाते, म्हणून तिला सगळे कानस म्हणत.

वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतल्या सरांना एक पाट हवेत तरंगवायचा होता. पाटाच्या खालच्या अंगाला सुपरकंडक्टरच्या काळ्या चकत्या. द्रव नायट्रोजनने गारठवल्या की खाली मांडलेल्या चुंबकांवर त्या अधांतरी राहायच्या. राहत होत्याही, पण वीस किलोंच्या वर वजन ठेवलं की पाट बसलाच खाली. सर म्हणाले, चकत्या लहान पडतात, मोठ्या मागवू. मोठ्यांची किंमत पाहून ऑफिसने फाइल परत धाडली. नाचता येईना, अंगण वाकडं!

कानसने वाकून पाहिलं, तर सगळे चुंबक नुसते शेजारी शेजारी उताणे पडलेले.

"अहो सर, चकत्यांना काय धाड भरलीय? जोर खालूनच कमी पडतोय. चुंबक आडवे करू, सारखी टोकं समोरासमोर, मध्ये लोखंडाची पट्टी. दोघांचा जोर पट्टीतून वर निघेल. पट्ट्या भंगारात पडल्यात ढिगानं."

"सारखी टोकं जवळ येतील तरी का?" सर हसले.

"भांडतील. भांडू देत. मी आणि माझी जाऊ एका ओट्यावर स्वयंपाक करतोच ना?"

एकोणीस दिवस ती त्या चुंबकांशी झुंजली. पोलादी पाना जवळ नेला की खाड्कन चिकटायचा, म्हणून पितळेचा पाना घडवला, चुंबक आवळून धरायला पितळेचाच शिकंजा केला. एक चुंबक निसटून बोटावर आला आणि नख काळंनिळं झालं. घरी नवऱ्याने विचारलं, "हे बोट आहे की वांगं?" तिला हसूही येईना. पण चकत्या त्याच राहिल्या आणि पाट साठ किलो उचलू लागला. वजनं संपली तेव्हा ती स्वतःच त्यावर बसली. पाट जरासा डुलला, खाली आला नाही. त्या दिवशी घरी जाताना ती गाणं गुणगुणत गेली.

मग पैसे देणाऱ्या संस्थेचे पाहुणे आले. त्यांतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "एवढ्या कमी खर्चात तिप्पट जोर? सुचलं कसं?"

"गंमतच झाली," सर म्हणाले. "आमच्या वर्कशॉपमध्ये चुंबक चुकून उलटे बसवले गेले. नशीब आमचं!"

सगळे हसले.

चुकून! मागे उभ्या असलेल्या कानसच्या अंगाचा तिळपापड झाला. चुकून दूध उतू जातं. चुकून कुणी एकोणीस दिवस राबतं का? दुसऱ्याच्या घामावर स्वतःची टिमकी वाजवायची आणि वर त्या घामाला चूक म्हणायचं, हा निर्लज्जपणा शिकायला किती बुकं वाचावी लागतात कोण जाणे.

ती पुढे आली. पाट उचलून बाजूला ठेवला, पितळी पान्याने शिकंज्याचे चारही बोल्ट सैल केले. चुंबक फाडकन चार दिशांना उडाले.

"सर, बसवा आता. चुकूनच बसवायचेत."

सरांनी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा बोट चिमटलं. ते तोंडात धरून हळूच म्हणाले, "बाई, जोडा ना. लोक थांबलेत."

"आधी कोणी जोडलं होतं ते यांना सांगा."

सरांचे कान लाल झाले. "यांनीच केलं," ते शेवटी म्हणाले. "कल्पनाही यांचीच. चुकून नव्हे."

कानसने शिकंजा आवळला, पुन्हा सगळं जागच्या जागी बसवलं. पाट तरंगला. पाहुण्या बाईंनी वही उघडून सरांना विचारलं, "मग हे नीट लिहून घेते. यांचं नाव काय?"

सरांनी तोंड उघडलं. "का..." म्हणाले आणि तिथेच अडकले.

अकरा वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती. आत्ता कुठे उतरू लागलेला राग पुन्हा तिच्या मस्तकात गेला. पाहुण्या बाईंनी मग तिच्याकडे पाहिलं, तर ती सरांवरची नजर हलवेना.

"मला नका विचारू, बाई," ती म्हणाली. "सांगू दे त्यांना. मी थांबते."