रखमाजीची खोटी पाठदुखी

बेडशाच्या रखमाजीच्या बैलांनी बैलगाडा शर्यतीत आजवर एकदाही पहिला नंबर काढलेला नाही, आणि हे त्याला तोंडावर सांगायची सोय नाही. सांगितलं की तो घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, मातीपासून गाड्यापुढं पळणाऱ्या घोडीच्या नालेपर्यंत सगळ्यांचे दोष काढतो. बैलाचा दोष कधीच नसतो. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर सगळा जीव त्यानं दावणीलाच बांधला. बायको शालूबाई म्हणायची, "पुढल्या जल्मी मी बैलच हुनार. खुराक तरी मिळंल."

तरी वाया चाललेली पोरं गावातल्या आया आणून सोडत ती याच्याच गोठ्यात. उपदेश रखमाजीला जमायचा नाही. एकदा पोरांना बसवून गुंडगिरीवर बोलायला गेला आणि बोलता बोलता खुरांच्या निगेवर घसरला. पण शेण काढता काढता, पवना नदीत बैल पोहवता पोहवता दोन-तीन पोरं मार्गाला लागली खरी. त्यातला एक आज लोणावळ्यात टुरिस्ट गाडी चालवतो आणि भेटला की आधी बैलांची चौकशी करतो, मग रखमाजीची.

अमृतचं पाणी मात्र वेगळं होतं. बाप लहानपणीच गेलेला, बारावी नापास. सुहासभाईच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अगदी खालच्या ओळीत त्याचा काळ्या चष्म्यातला फोटो लागला आणि त्या दिवसापासून पोराची चालच बदलली. भाईचा धंदा ताबा मारायचा. धरणाकाठच्या एखाद्या प्लॉटवर पोरं उभी करायची, मालक घाबरून पळाला की काम झालं. रखमाजीचा सख्खा पुतण्या प्रदीप असाच 'नुसता उभा राहायला' गेला होता. हाणामारीत माणूस दगावला, आणि प्रदीप अजून तुरुंगात आहे. अमृतचं तसं होऊ नये, या एका काळजीनं रखमाजीचं अन्न गोड लागेना.

मग एके दिवशी त्याला पाठदुखी झाली.

त्याच्याकडे वकील नावाचा बैल होता. कुणालाही उलटायचा, म्हणून गावानंच ते नाव ठेवलं. जो वैरण घालील त्यालाच जवळ येऊ द्यायचा. रखमाजी कमरेवर हात ठेवून अमृतला म्हणाला, "माज्यानं वाकवत न्हाई रं. जत्रंपतुर येवढा वकील बघ." अमृत तोंड वाकडं करून आला, पण रोज येत राहिला. इकडे घरी रखमाजी इंद्रायणी तांदळाची पोती एकटाच उचलून माळ्यावर टाकायचा. "गोठा दिसला की दुखाय लागतं वाटतं!" शालूबाई पदरात हसायची. जत्रा येईपर्यंत त्यानं वकिलाच्या अंगाला हात लावला नाही. दारातून बघायचा, आणि ते त्याला फार जड जायचं.

जत्रेच्या दिवशी गाडा धावायची पाळी जवळ आली आणि नेमकी भाईची जीप घाटाशी येऊन थांबली. प्लॉटवर पोरं कमी पडत होती. अमृत घुटमळला. "आबा, मी जाऊन येतो. तुमी जुपा वकिलाला."

अडवलं तर पोरगं हट्टानं जाणार, न अडवलं तरी जाणारच. "जा," रखमाजी कसाबसा म्हणाला आणि कासरा हातात घेतला. आपल्याच दावणीचा बैल, तो काय विसरतोय, अशी त्याची खात्री होती. वकिलानं त्याला एकदा हुंगलं आणि एका हिसक्यात मातीत बसवलं. सगळा घाट खदखदून हसला. वकील पुन्हा शिंगं रोखून आला, तेव्हा मात्र हसणं थांबलं.

अमृतनं जीपमध्ये ठेवलेला पाय काढला आणि धावत आला. "सरका, आबा! त्यो तुमाला वळखत न्हाई!" वेसण धरून, गळ्याखाली खाजवून त्यानं बैल शांत केला. जीपचा हॉर्न वाजतच होता. "म्या न्हाई येत!" मागे न बघता तो ओरडला. "ह्याला दुसरं कोन जुपनार?" थोडा वेळ थांबून जीप निघून गेली. गाडा धावला आणि रिवाजाप्रमाणे हरला.

"उद्यापास्नं मला इचारल्याबिगर त्याच्याजवळ जायचं न्हाई," अमृतनं आबाला दम भरला.

"न्हाई जात," रखमाजी म्हणाला. हौसेनं वाढवलेला बैल आता आपला राहिला नाही, याचं त्याला वाईट वाटलं, पार रडू येण्याइतकं. अमृत वकिलाला घेऊन गावाकडे निघाला, आणि रखमाजी त्या दोघांच्या मागून चार हात अंतर ठेवून चालत राहिला.