आजोबा उंबऱ्यावर बसले त्या सकाळी

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बोरी बुद्रुकच्या बालवाडीत लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. तीन ते पाच वर्षांची विसेक पोरं. स्टीलच्या ताटलीवर चमच्याने ठेका धरून मी त्यांना नाचायला शिकवायचे. बेडकासारख्या उड्या, झाडासारखं डोलणं, आणि ताटली थांबली की असेल तसं थांबायचं.

एका सकाळी एका मुलीचे आजोबा तिला घेऊन आले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. नात हात सोडून आत पळाली. ते दारातच उभे राहिले.

"बाई, हितं नाच शिकवता व्हय?"

"व्यायामच आहे, आजोबा."

"घरी आरशापुढं कंबर हालवती. जवळच तमाशाच्या फडांचं गाव. आमच्या घरातली पोरगी नाचलेली मला चालायची न्हाई." मग ते उंबऱ्यावर बसले. "चालू द्या तुमचं. बघतो मी."

मी घाबरले. पोरांना रांगेत उभं केलं आणि कवायत सुरू केली. हात वर, हात खाली. कुणी हसेना. त्यांची नात तर हातही उचलेना.

"बाई, बेडूक कवा?" तिने विचारलं.

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तिने पुन्हा विचारलं, मोठ्याने. आजोबा तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"आत्ता," मी म्हणाले आणि ताटली वाजवली.

पोरं उधळली. त्यांची नात पडली, उठली, पुन्हा उडाली. मी ठेका थांबवला तेव्हा ती एका पायावर डुगडुगत होती. आजोबा उठून आत आले. आता हाताला धरून ओढत नेणार, असं मला वाटलं.

"पाय खाली ठेव," ते म्हणाले.

"ताटली वाजल्याबिगर न्हाई," ती ओठ न हलवता पुटपुटली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटलीवर एकदा चमचा वाजवला. तिने पाय ठेवला. ते निघून गेले.

दोन दिवस ती आली नाही. मला जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी तिची आई तिला घेऊन आली.

"मामंजींनी धाडलंय," ती हळूच म्हणाली. "हितं उडू द्या म्हणाले. पण गॅदरिंगला ष्टेजवर न्हाई."

मी "बरं" म्हणाले. त्या वर्षी गॅदरिंगमध्ये तिच्याविनाच बेडूक नाचले. ती आजोबांच्या शेजारी बसली होती. कार्यक्रम संपेपर्यंत मी त्या बाजूला बघायचं टाळलं.