करदोडा कोणी ठेवला

रेखाताई गेल्या, हे मला लोणारच्या बसस्थानकावर कळलं. बहिणीकडून बुलढाण्याला परत निघालो होतो. एक पाय गाडीच्या पायरीवर, आणि फोन वाजला. त्यांच्या मिस्टरांचा आवाज. ‘सलीम, तुही ताई गेली... सकाळी झोपेतच.’ मी तिथंच थबकलो. मागच्या बाईनं पिशवी पाठीला टोचत विचारलं, ‘चढून राह्यले का उतरून राह्यले, काय थे ठरवा.’ चढलो. तिकीट काढलं की नाही तेही आठवत नाही. रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. एका पेशंटच्या बाबतीत मी ताईंशी खोटं बोललो होतो, आणि आता ते कबूल करायला समोर माणूसच उरलं नव्हतं.

आमची खरी ओळख अतिदक्षतेच्या कोर्समधली. नर्सिंगनंतरचं वर्षभराचं ते पदव्युत्तर शिक्षण निघालं, तेव्हा आमच्या दवाखान्यातून दोघांना शहरात पाठवलं. मी सव्वीसचा, वडनेर भोलजीच्या कापडवाल्याचा पोरगा, तोंडानं फटकळ. त्या चाळिशीच्या, दोन मुलींच्या आई. आमची बोली ऐकून वर्गात पोरं हसायची आणि मी भांडायला उठायचो. ताई बाही ओढून खाली बसवायच्या. ‘हसू दे बे. नळीतला कफ ओढतानी कोणी भाषा पाह्यत नाही.’ रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट कसा वाचायचा ते त्यांनी मला होस्टेलच्या जेवणघरात, भाकरी खाता खाता शिकवलं. वर विचारायच्या, ‘समजलं, का नुसती मुंडी हलोली?’ समजलं नसेल तर नाही म्हणायचं, एवढाच त्यांचा नियम. वर्षभर रोज ऐकला होता मी तो. लाज वाटते ती त्याचीच.

परत आलो ते कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत. बीटी कपाशी आली तेव्हा सगळे म्हणत होते, आता फवाऱ्याची कटकट गेली. काही वर्षं खरंच कमी झाली. मग अळी परत आली, तुडतुडे तर होतेच. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, पाठीवर गळका पंप, आणि रोजानं दुसऱ्याच्या वावरात फवारणारी माणसं आमच्या वॉर्डात यायला लागली. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर.

गजानन असाच आला, पंचविशीचा. त्याला धुवायचं काम माझं होतं. धुवायचं म्हणजे नुसतं पाणी ओतायचं नाही. कपडे काढायचे, केसांपासून नखांपर्यंत साबण लावायचा आणि अंगावर दोरासुद्धा ठेवायचा नाही, कारण त्यात मुरलेलं औषध कातडीतून आत जातच राहतं. हे मला पाठ होतं. पण गजाननच्या कमरेला होता करदोडा, काळा, जाड, फवाऱ्यानं चिंब. मी कात्री उचलली आणि त्याच्या मायनं माझं मनगट धरलं. आमच्याकडे पुरुषाचा करदोडा तो मेल्यावरच तोडतात. ‘जित्या लेकराचा तोडता का?’ ती म्हणाली. दाराशी गावची पंधरा-वीस माणसं उभी, आणि मी सलीम. माझी पाचावर धारण बसली. करदोडा वरवर साबणानं चोळला आणि चादर ओढून घेतली. पलीकडच्या पेशंटजवळून ताईंनी विचारलं, ‘अंगावरचं सगळं काढलं?’ मी म्हटलं, ‘हाव.’

अ‍ॅट्रोपिन, विषावरचा उतारा, सुरू झालं. ताई दर दहा मिनिटांनी छाती ऐकत होत्या. छाती कोरडी झाली, नाडी वर आली, जरा बरं वाटलं. दुपारी पुन्हा घरघर. डोस वाढवला, थांबली. तासाभरात पुन्हा सुरू. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘हे फवारणीचं वाटत नाही. प्यायलेला दिसतो.’ मायनं ते ऐकलं आणि भिंतीला धरून खाली बसली. पोरगा जातोय, आणि वरून त्यानं जीव दिला असं गाव म्हणणार. विष कुठून येतंय ते मला कळत होतं. एका वाक्याचं काम होतं... पण जीभ टाळूला चिकटलेली. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. सरळ चादर वर केली.

करदोड्याखालची कातडी लालभडक झाली होती. ताई कात्री घेऊन त्या माउलीपुढं फरशीवर बसल्या. ‘मावशी, तुमच्या पोरानं काही पेलं नाही. जहर या दोऱ्यात हाये. मले तोडू द्या. थो उठला का नवा तुमच्याच हातानं बांधा.’ मॉनिटर दोनदा ओरडला. मग ती म्हणाली, ‘तोड माय.’

आम्ही त्याला परत धुतलं. दोन दिवस व्हेंटिलेटर, चौथ्या दिवशी त्यानं चहा मागितला. कोणी धुतलं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ताई ‘आमच्याकडून राह्यलं सर’ एवढंच बोलल्या. पुढं किती वर्षं आम्ही एका टपरीवर चहा प्यालो. दर वेळी मी सांगायला घ्यायचो आणि कुणीतरी विषय बदलायचं. त्या बदलायच्या की मीच... आता काय सांगू.

हल्ली तो कोर्स आमच्याच दवाखान्यात चालतो. शिकवायच्या ताईच, आणि त्यांच्या तासाला मी कधी बसलो नाही. त्या गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांचा विषबाधेचा तास माझ्याकडे आला. मी करदोड्यापाशी पोचलो तर पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, ‘थे माहीत हाये सर. मॅडमनं सांगतलं. त्यांच्याकडूनच एकदा राह्यला होता. म्हणत, मी भ्याली होती, अन् विचारलं तं खोटं बोलली.’

म्हणजे मी विसरलो नव्हतो, भिऊन खोटं बोललो होतो, हे त्यांना ठाऊक होतं. माझी चूक त्या स्वतःच्या नावावर सांगत आल्या, माझ्यासोबत ड्युटी करणाऱ्या पोरांपुढं माझी मान खाली जाऊ नये म्हणून. खरं सांगतो, मला रागच आला. एकदा चारचौघांत झापलं असतं तर मी कधीचाच सुटलो असतो. पोरं वाट पाहत होती.

‘मॅडमकडून नव्हता राह्यला,’ मी म्हटलं. ‘थो मी ठेवला होता. लिहून घ्या.’