बारा पायलीचा नकाशा

मी येसाजी. रामनगर-जोयडा-नंदिगड्डे अशी जीप चालवतो, आन् मला राग लौकर येतो. कॉम्प्युटरचा तर लईच. पहाणीचा, म्हंजे सात-बाराचा, उतारा काढाय गेलं तर सर्व्हर बंद, रेशनला गेलं तर अंगठा लागत न्हाई. आता माझा अंगठा आयुष्यभर स्टेअरिंगवर घासलाय, त्याला मी काय करू? पण त्याच कॉम्प्युटरम्होरं बसणाऱ्या एका बाईला मी हात जोडतो. तुळजाक्का. जोयड्यात बस थांबत्यात तिथं तिचं झेरॉक्सचं दुकान हाय, टपरीएवढं.

नंदिगड्ड्याकडच्या रानातली पोर. दहावी झाली आन् बेळगावला मावशीकडं गेली. तिथं एका फौंड्रीच्या ड्रॉइंग हापिसात झाडायला लागली. त्या हापिसात एक यंत्र हुतं, प्लॉटर म्हणायचे त्याला. वळीनं पेनं लावल्याली, यंत्र आपआपलं पेन उचलायचं आन् कागदावर नकाशा काढायचं. तुळजाक्का झाडू हातात धरून बगत ऱ्हायची. पुढं पेनं धुवायचं काम तिच्याकडं आलं, मग शाई भरायचं, मग फाइल लावायचं. अकरा वर्सांत फाइल उघडणं, दुरुस्त करणं, एका तऱ्हेची फाइल दुसऱ्या तऱ्हेची करणं, सगळं शिकली. कुणी शिकवलं न्हाई हां, बगून बगून. मग आई आजारी पडली म्हणून गावाकडं आली आन् झेरॉक्स काढत बसली. तिला काय येतंय ते हिकडं कुणाला ठाऊकच न्हवतं. मलाबी न्हवतं. मी तिला रोज चिडवायचो, “काय अक्का, बटण दाबायचे पैशे घेतीस व्हय गं?” ती नुसती हसायची.

आता लखूअण्णाचं सांगतो. सत्तरी पार केल्याला माणूस, बाप-आज्यापास्नं रानात भात पिकवणारा. वनहक्कासाठी त्यानं अर्ज घातल्याला. मोजणीला माणसं आली, तालूक कचेरीच्या सर्व्हेयर अंकिता मॅडम आन् वनखात्याचे दोघं. लखूअण्णाकडं पुरावा एकच, एका संस्थेनं गावात येऊन वीसेक वर्सांमागं केलेल्या मोजणीचा नकाशा. तोबी झेरॉक्स, कारण मूळ कागद वाळवीनं खाल्ला. त्यावर एक सेंटिमीटर म्हंजे वीस मीटर असं लिवल्यालं. वहाळापास्नं हद्दीच्या दगडापतोर पट्टीनं धा सेंटिमीटर भरलं. म्हंजे दोनशे मीटर. तेवढी टेप टाकली तर ती घराच्या अलीकडंच संपली. दगड तर रानानं कवाच गिळल्याला, दिसतोय कुठं?

“अज्जा, घर हद्दीच्या बाहेर पडतंय,” अंकिता मॅडम म्हणाल्या. बाई वाईट न्हवती. तिनंच सांगितलं, “मूळ नकाशा आणा. मी परत एकदा मोजते. न्हाई मिळाला तर मला हेच लिहावं लागंल.”

हेच म्हंजे काय, तर घर वनखात्याच्या जागेत. उठा आन् चालू पडा.

सहा म्हैने लखूअण्णा हिंडला. ती संस्था कवाच बंद पडल्याली. फकस्त तिथल्या माणसानं जाताना दिलेली एक सीडी लखूअण्णाच्या बायकोनं, पार्वतीवैनीनं, देव्हाऱ्यात ठिवल्याली. कव्हरावर हळदीकुंकू! बेळगावला, दांडेलीला दुकानं पालथी घातली. सगळीकडं एकच, ही फाइल उघडत न्हाई, जुनी हाय, खराब हाय. शेवटी एक दिवस म्हातारा माझ्या जीपमधी बसला आन् रडाय लागला. रडणारा पुरुष मला बगवत न्हाई. मी खेकसलो, “गप बस की! त्या झेरॉक्सवालीला दाखवू, न्हाई तर टाक वहाळात.” मी आपलं रागात बोललो हुतो.

तुळजाक्कानं सीडी पदरानं पुसली, आत घातली आन् फाइलीचं नाव वाचलं. तिचा चेहराच पालटला. “अगं बाई,” ती म्हणाली, “ही तर प्लॉटरची फाइल!”

“खराब हाय म्हणत्यात,” मी म्हनलं.

“खराब न्हाई ओ येसूदादा. हे चित्रच न्हवं. हे सांगणं हाय. पेन उचल, हितं जा, टेकव, तितपतोर ओढ, परत उचल. यंत्राला सांगितल्यालं सगळं ह्यात लिवून ठिवलंय.”

तिनं एक जुनं सॉफ्टवेअर उघडलं आन् फाइल हळूहळू चालवली. देवाशपथ सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. पडद्यावर काय न्हवतं, आन् एक निळी रेघ चालाय लागली. वळत वळत चालली. लखूअण्णा पुटपुटला, “वहाळ… आमचा वहाळ गं… ती तिथं कोंड, तिथं म्हशी बसत्यात.” मग काळं पेन आलं आन् बांधामागनं बांध काढत गेलं. वीस वर्सांमागं जी रेघ पैली काढली ती पैली, जी नंतर काढली ती नंतर. मोडीत गेलेलं यंत्र आन् संपलेली शाई, पण हात अजून तसाच चालत हुता. आमी तिघं तोंडात बोट घालून बगत बसलो. भाईर दोन पॅसेंजर हॉर्न वाजवत हुते माझ्याच जीपचा. वाजवू देत म्हनलं.

म्हातारा बगता बगता एकदम चिडला. “हे बग, हे माजं शेत! बारा पायलीचं! बारा पायली बी पेरतो मी, माझा बापबी तेवढंच पेरायचा. आन् त्या मोजणीवाल्यांनी कागदावरनं हिशेब केला तर ते निम्मं. सहा पायलीचं शेत कुणाचं असंल? माजं न्हाई!”

आमच्याकडं शेत एकरानं सांगत न्हाईत, बियाण्यानं सांगत्यात. हापिसातली माणसं हसत्यात त्याला. तुळजाक्का हसली न्हाई. रानातलीच पोर ती, पायली म्हंजे काय तिला पक्कं ठाऊक.

“निम्मं?” ती म्हणाली. “बरोब्बर निम्मं?”

तिनं माउसनं वहाळाच्या कडेवर टिचकी मारली, मग हद्दीच्या दगडावर मारली. आकडा आला पाच हजार साशे. “ह्या फाइलीत चाळीस आकडे म्हंजे एक मिलिमीटर,” ती म्हणाली. कागदावर बोटानं भागाकार केला. “चौदा सेंटिमीटर. धा न्हवं, चौदा.”

लखूअण्णाची झेरॉक्स तिनं हातात घेतली, उलटी केली. मागं तिच्याच दुकानाचा शिक्का. तिनं शिक्क्यावर बोट ठिवलं.

“अण्णा, हे मी केलं. सहा वर्सांमागं तुमी मोठा कागद घेऊन आलता, वाळवी लागत हुती म्हणून. माझ्या मशिनीत छोटाच कागद बसतोय. मी एक्काहत्तर टक्क्याचं बटण दाबलं, सगळं एका पानात बसावं म्हणून. मोठ्याचं छोटं झालं की कागद निम्मा हुतो, शेतबी निम्मं झालं. आन् खाली लिवलेलं वीस मीटर तसंच ऱ्हायलं.”

खरं सांगतो, मला वाटलं आता ही गप बसंल. नवा कागद काढून दिला असता तर कुणाला कळणार हुतं? तिनं ती फाइल आताच्या कॉम्प्युटरला कळंल अशी बदलली, “पानात बसवा” ही खूण काढून टाकली, खऱ्या मापात दोन पानं छापली आन् डिंकानं जोडली. पट्टी लावून बगितली. चौदा. मग दुकानाला कुलूप घातलं आन् म्हणाली, “मोजणीला मी येणार.”

मोजणीच्या दिशी माझ्याच जीपनं गेलो. अंकिता मॅडमनी दोन्ही कागद म्होरं धरले. “दोन्ही तुमच्याच दुकानातले. एक धा म्हणतो, एक चौदा. मी कुठला धरू?”

गावातली वीसभर माणसं, पंचायतीचे मेंबर, वनखात्याचे दोघं, सगळ्यांसमोर तुळजाक्का म्हणाली, “मॅडम, पैला माझ्या चुकीनं बारीक झालाय. लिवून घ्या, मी सही करते. दुसरा खरा का खोटा ते माझ्यावर सोडू नका. टेप टाका. दोनशे ऐंशी मीटरवर दगड न्हाई निगाला तर मीच खोटी.”

कुणीतरी मागं कुजबुजलं, “हिच्याकडनं आता कोण झेरॉक्स काढंल?” मी मागं वळून असं बगितलं त्याला, की त्यानं परत तोंड उघडलं न्हाई.

तीस मीटरची टेप. वहाळापास्नं सुरू. एक, दोन, तीन. सहाव्या टेपंनंतर वीस मीटरवर मागल्या मोजणीची खूण आली, लाल रंगाची. त्याच्या पुढं टेप गेली. आठवी अंगणाच्या कडंला संपली. नववी टेप सरळ लखूअण्णाच्या दारात गेली.

मॅडम उंबऱ्यापाशी थांबल्या. पार्वतीवैनी आतनं म्हणाली, “या की आत.” टेप ओटीवरनं गेली, चुलीपाशी वैनीनं ती हातानं वर उचलून धरली विस्तवाला लागू ने म्हणून, आन् मागच्या दारानं टेप भाईर पडली. लखूअण्णा भिंतीला टेकून हुबा. त्याचं सगळं आयुष्य त्या पिवळ्या पट्टीवरनं चालल्यालं.

नवव्या टेपंच्या पुढं धा मीटर. तिथं नुसती करवंदीची जाळी. मी कोयता घेऊन घुसलो, हात फाटले माझे. खाली माती. दोघांनी कुदळ मारली. एक, दोन, तिसऱ्याला ठण्ण वाजलं. माती सारली तर घडलेला दगड, वर छिन्नीनं मारलेली फुली. अगदी फाइलीत हुता तिथं. वितभरबी इकडं तिकडं न्हाई.

माझ्यासारखा माणूस, पण मी टोपी काढली. वनखात्याच्या माणसानंबी काढली.

अंकिता मॅडमनी तिथंच हुबं ऱ्हाऊन लिवलं, घर हद्दीच्या आत. सगळी गलका कराय लागली. तुळजाक्का त्या दगडावरच बसली आन् हमसून हमसून रडाय लागली. “सहा म्हैने, अण्णा. एका बटणापायी सहा म्हैने तुमी झोपला न्हाईसा.”

लखूअण्णा हळूहळू तिच्याजवळ गेला, वाकला आन् तिचा दंड धरला.

“ऊठ पोरी. हद्दीच्या दगडावर बसू ने,” तो म्हणाला. “आपलं घर हाय न्हवं? आत येऊन बस.”