मंडपवाल्याचा हात

हरेश घरतचा मंडप वाऱ्याने कधी पडला नाही, हे पनवेलमध्ये हरेश स्वतःच सगळ्यांना सांगतो. त्यात खोटं काही नाही, म्हणून आम्ही ऐकून घेतो. एका हळदीला नाच अगदी रंगात आला असताना वावटळ उठली आणि कापड फुगून वर जायला लागलं. हरेशने दोरी धरली. तळहात सोलून निघाले, पण त्याने ती सोडली नाही. दोरी सोडणाऱ्या गड्याला तो दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही.

या माणसाची मुलगी दिपिका गोव्याला, मोरजीच्या एका रिसॉर्टमध्ये काइटसर्फिंग शिकवते. कमरेला पट्टा, पायाखाली फळी, हातात दांडा आणि दांड्याच्या दोऱ्यांना वर आभाळात खोलीएवढा पतंग. वारा पतंगाला ओढतो आणि पतंग माणसाला पाण्यावरून पळवतो. हरेशच्या मते हे पोट भरलेल्यांचे धंदे.

मार्चमध्ये उरणचं स्थळ आलं. मुलाकडची माणसं रविवारी बघायला येणार, असं हरेशच्या बायकोने, मनिषावहिनींनी परस्पर ठरवून टाकलं आणि मुलीला आणायला हरेशला पिटाळलं. भर लगीनसराईत तो टेंपो रिकामा करून निघाला, कारण तिचं सगळं सामानही आणायचं होतं. लहानपणापासूनचा मित्र म्हणून सोबतीला मी. रस्ताभर त्याचं एकच पालुपद, "सरळ सांगतो, नोकरी सोड." मला त्याचा मनापासून राग येत होता. पोरीने स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं काम, आणि हा तिला सामानासकट टेंपोत भरून आणणार!

मोरजीला पोचताच त्याने तेच सुनावलं. दिपिकाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येते पप्पा. पण आधी दोन दिवस माझ्याकडे शिका. मग सांगा, सोडू की नको."

पहिल्या दिवशी हरेशने वाळूवर छोटा पतंग असा काही उडवला की, संध्याकाळभर त्याची छाती खाली येईना. दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात मोठा पतंग. मागून त्याचा पट्टा धरून दिपिका उभी. तिने पुन्हापुन्हा बजावलं होतं, "जोर वाढला की दांडा सोडायचा. पतंगातला वारा आपोआप निघून जातो. ओढलात तर तो तुम्हाला जास्त ओढेल."

वाऱ्याचा जोर वाढला आणि हरेशने तेच केलं, जे त्याने जन्मभर केलं होतं. दांडा छातीशी ओढून धरला. पतंगाने त्याला पाण्यातून उचलून आपटलं आणि किनाऱ्यावरच्या खडकांकडे फरफटत नेलं. मी काठावरून नुसता बोंबलत होतो. दिपिका ओरडत होती, "सोडा पप्पा, सोडा!" पण तिने स्वतः त्याचा पट्टा सोडला नाही. त्याच्याबरोबर फरफटत गेली, हात पुढे घालून त्याच्या पोटाजवळची, पतंग मोकळा करणारी लाल कळ खेचली, आणि पतंग मुकाट पाण्यावर पडला. खडक चार हातांवर होते.

वाळूवर येताच ती बापावर अशी कडाडली, की आजूबाजूचे पर्यटक वळून बघायला लागले. "तुम्हाला काही झालं असतं तर? मी सांगते ते ऐकायचं! इथे जबाबदारी माझी आहे!" आणि मग रडायला लागली. तिचा गुडघा चांगलाच खरचटला होता. हरेश मान खाली घालून ऐकत राहिला. एवढ्या निमूटपणे त्याने कुणाचं ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला तो त्या क्षणी फार आवडला.

थोड्या वेळाने त्याने घरी फोन लावला.

"मनिषा, रविवारी त्या लोकांना बोलवू नको."

"का? पोरगी येत नाय का?"

"तिला सुट्टी नाय. शिकवनी हाय."

"अशी कोनाची शिकवनी हाय?"

हरेशने दिपिकाच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"माझी," तो म्हणाला.