कंट्रोल उठायच्या आधी

हे मी घरातही कधी बोललेलो नाही. बायकोला वाटतं, मी स्वभावानंच अबोल आहे. तसं नाही — पण एक गोष्ट गिळून ठेवली की तिच्या आजूबाजूच्या चार गोष्टीही तोंडातून निघत नाहीत. आता थकलोय. नोकरीनं नाही, वयानं तर नाहीच. हे सांभाळून थकलोय.

धान्यावर कंट्रोल होता तेव्हा मी पुरवठा खात्यात हंगामी कारकून होतो. दापोडीला मुंबई-पुणे रस्त्यावर आमचा नाका. पलीकडे शहराची रेशनची हद्द. परवान्याशिवाय तांदळाचं पोतं तिकडे जाऊ द्यायचं नाही, एवढंच आमचं काम. गाडी अडवायची, ताडपत्री उचलायची, आत हात घालायचा. लोक शिव्या देत. खरं सांगू? त्या चुकीच्या नव्हत्या. मावळात तांदूळ पडून राहायचा आणि पुण्यात माणसं किडक्या धान्यासाठी रांगेत उभी — यात कसलं शहाणपण होतं? कंट्रोल जायला हवा, असं मलाही वाटायचं. तरी पुढे जे झालं त्याचं खापर मी सरकारच्या धोरणावर फोडणार नाही.

नाक्याजवळ उस्मानभाईंचं गॅरेज होतं. लष्कराच्या लिलावात मोडीत निघालेला एक ट्रक घेऊन त्यांनी तो आपल्या हातानं पुन्हा उभा केला होता. चाकणचा कांदा त्यातून ते पुण्याला नेत. कांद्याला बंदी नव्हती, तरी नाक्यावर थांबून स्वतःच ताडपत्री सोडायचे, मला तसदी नको म्हणून. दुपारी गॅरेजात चहा झाला की एक पेला माझ्याकडे यायचा. माझ्या सायकलचं वाकडं चाक त्यांनी कितीदा सरळ करून दिलं असेल!

एके दिवशी साहेबांनी आम्हा नाक्यावरच्या लोकांना कचेरीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. सरकार बाजार मोकळा करणार, नाके उठणार, थोड्याच दिवसांत जाहीर होईल. तोवर बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांनी बजावलं. खातं आवळलं जाणार होतं. ज्यांच्या नावावर काही कामगिरी दिसेल, त्यांची दुसऱ्या खात्यासाठी शिफारस होणार होती. बाकीच्यांना घरी जायचं होतं. माझ्या नावावर काय होतं? काहीच नाही. टोपलीत तांदूळ लपवून नेणारी एक म्हातारी सापडली होती, तिलाही मी सोडून दिलं होतं.

त्याच आठवड्यात उस्मानभाई माझ्याकडे आले. त्यांच्या मुलीचं लग्न पुण्यात ठरलं होतं. मावळातल्या वडगावचा मेहुणा लग्नासाठी तांदूळ देत होता, पण तो नाक्यापलीकडे आणायचा कसा? हळू आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, कंट्रोल उठणार असं बाजारात बोलतात. तसं असेल तर लग्न थोडं पुढं ढकलतो. तुमच्या कानावर काय आहे? थांबू का?"

एक शब्द पुरला असता. थांबा — एवढाच.

मी म्हणालो, "अफवा आहेत सगळ्या. परवा आणा. नाक्यावर मीच असेन."

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत घालत राहिलो — की तेव्हा मला मदतच करायची होती, पण त्या दिवशी साहेब नाक्यावर येऊन बसले आणि माझा नाइलाज झाला. साहेब आले होते, हे खरं. पण ते आपणहून आले नव्हते. आदल्या दिवशी कचेरीत जाऊन मीच त्यांना बोलावून आलो होतो.

ट्रक आला. उस्मानभाई उतरले, माझ्याकडे बघून किंचित हसले आणि नेहमीसारखी ताडपत्री सोडू लागले. मी शिपायाला कांदा बाजूला करायला सांगितलं. खालून पोती निघाली तेव्हा त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांना माझीच काळजी वाटत होती. नाक्यावरचं कुणी सामील आहे का, असं साहेबांनी दरडावून विचारलं.

"नाही साहेब," ते म्हणाले. "इथं माझ्या ओळखीचं कुणी नाही."

खटला उभा राहायच्या आत कंट्रोल उठला. पिंपरी कॅम्पात दुकानांसमोर तांदळाची पोती तोंडं उघडी करून मांडली गेली. बाया नुसत्याच त्यात हात घालून बघत होत्या. आमच्या नाक्यावरून भरलेल्या गाड्या न थांबता जाऊ लागल्या. पण गुन्हा कंट्रोल असताना घडलेला, म्हणून शिक्षा झालीच. मुलीचं लग्न लागलं तेव्हा उस्मानभाई तुरुंगात होते. ट्रक पोलिसांच्या आवारात पावसात गंजला, त्याची चाकं कुणी काढून नेली. शेवटी तो पुन्हा मोडीतच गेला. आणि मी? शिफारस झाली. दुसऱ्या खात्यात कायम झालो. तो हुकूम हातात आला तेव्हा मी पेढे वाटले — हेही सांगायला हवं.

गेल्या वर्षी पिंपरीच्या बाजारात एका गॅरेजपाशी ते दिसले. दुसऱ्याच्या गॅरेजात रोजंदारीवर होते. मी तोंड फिरवून निघालो होतो, पण त्यांनीच हाक मारली. फडक्याला हात पुसत पुढे आले, माझ्या मुलाबाळांची चौकशी केली. मग म्हणाले, "त्या दिवसाचं मनाला लावून घेऊ नका, भाऊसाहेब. साहेब येणार हे तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. कुणाला भ्यायचं कारण नव्हतं. नोकरी पक्की होती.

मी म्हणालो, "नाही, उस्मानभाई. मला ठाऊक नव्हतं."

त्यांनी मान हलवली. आत जाऊन गॅरेजातली एकुलती एक खुर्ची आणली, झटकली आणि माझ्यापुढे ठेवली.

मी बसलो.